निवृत्त झालो, गटातून नाही

निवृत्तीच्या दिवशी शाळा माणसाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देते. घड्याळ कशासाठी, हे मला आजवर उमगलेलं नाही. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही, त्यालाच नेमकं घड्याळ! मग चार भाषणं होतात आणि आपण किती थोर होतो हे आपल्याला प्रथमच कळतं. कपाटाच्या किल्ल्या, जनरल रजिस्टर, जडवस्तू संग्रह नोंदवही, पोषण आहाराच्या तांदळाचा शिल्लक साठा, सगळं सह्या होऊन दुसऱ्याच्या ताब्यात जातं. चार्ज यादीत एक रकाना मात्र अजून कुणी घातलेला नाही, तो म्हणजे व्हॉट्सॲपचे गट. त्यामुळे मी सेवेतून निवृत्त झालो, गटांतून नाही. ॲडमिनच्या लक्षात आलं नाही आणि मीही आपणहून बाहेर पडलो नाही. ‘अमक्यांनी गट सोडला’ अशी ओळ उमटली की लोक भलतेच अर्थ काढतात. रुसले का, आजारी आहेत का, की गेलेच?

तेव्हा सध्या केमला, घराच्या ओट्यावर बसून मी सोलापूर जिल्ह्याच्या शिक्षणावर लक्ष ठेवून असतो. गटांना तोटा नाही. जिल्ह्याचा एक, तालुक्याचा एक, बीटचा, केंद्राचा, शाळेचा, पालकांचा यत्तावार, संघटनेचे दोन (कारण संघटना फुटली), पतसंस्थेचा, डी.एड.च्या बॅचचा आणि ‘बदली अपडेट्स’ नावाचा एक, ज्याच्यावर रात्री दोनलासुद्धा माणसं जागी असतात. शिक्षण खात्यात इतकी मंडळी एकाच वेळी जागी असण्याचा योग पूर्वी फक्त निवडणुकीच्या ड्यूटीला यायचा.

पहाटे साडेपाचला सुप्रभात येतं. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू आणि खाली विवेकानंदांच्या नावावर खपवलेलं एखादं वाक्य, जे खुद्द विवेकानंदांनीही प्रथम इथंच वाचलं असतं. दहाच्या सुमारास परिपत्रक येतं, ‘अत्यंत तातडीचे. सोबतच्या विहित नमुन्यातील माहिती आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी.’ सोबत काहीच जोडलेलं नसतं. तरी पाच मिनिटांत पंधरा-वीस अंगठे उमटतात. नमुना न पाहताच सगळ्यांनी तो मान्य केलेला असतो. मग एक जण विचारतो, “सर, नमुना?” तो नवीन लागलेला असतो.

दुपारी अभिनंदनाची लाट. कुणाच्या तरी मुलाला दहावीत चांगले गुण पडलेले असतात. त्याच वेळी कुणाचे तरी चुलते वारलेले असतात. केक आणि जोडलेले हात यांची अशी काही सरमिसळ होते की गुणवंत मुलाला भावपूर्ण श्रद्धांजली मिळते.

मोबाईलच्या या यंत्राचा मोह सरकारलाही आवरला नव्हता. २०१६ च्या नोव्हेंबरात निघालेला सेल्फीचा आदेश आठवतो का? गुरुजींनी सोमवारी दहा-दहा पोरांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि ‘सरल’ प्रणालीत चढवायचा, म्हणजे म्हणे पोरांची गैरहजेरी कमी होईल. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, पोरांना ओळीत उभं करायचं, हात लांब करायचा आणि मग नेटवर्क शोधत पाण्याच्या टाकीवर चढायचं. नव्या वर्षात अंमल सुरू होतो न होतो तोच त्याला स्थगिती मिळाली. जिल्ह्यातल्या अनेक टाक्यांवरचं संकट टळलं.

हे सगळं वाचून वाटेल, म्हातारा मोबाईलवर चिडलाय. तसं नाही. मी चिडलो असतो तर गट सोडला असता. मी थांबलोय, कारण या कचऱ्यात अधूनमधून काहीतरी असं सापडतं की पुन्हा वर्गावर जावंसं वाटतं. आणि हे आमच्या वेळीही तसंच होतं. महिन्यातून एकदा केंद्र संमेलन भरायचं. त्यात एक जण आदर्श पाठ घ्यायचा. आदर्श म्हणजे निवडक पोरं, रंगीत खडू आणि आदल्या दिवशी पाठ करून घेतलेली उत्तरं. मागच्या बाकांवर आम्ही ज्वारीच्या भावाची चर्चा करायचो. पाठ संपला की चहा-पोहे, आणि खरं प्रशिक्षण ते तिथं. एका बाईंनी मला पोह्यांची बशी हातात असताना सांगितलं होतं, “गुरुजी, जोडाक्षर आधी लिहून घेऊच नका. आधी टाळी वाजवून तोडून म्हणायला लावा. तोंडात फुटलं की पाटीवर आपोआप फुटतं.” तेवढ्या एका वाक्यावर मी पुढं निवृत्तीपर्यंत पहिलीचा वर्ग चालवला. आदर्श पाठ कशावर होता ते काही केल्या आठवत नाही.

शिक्षकांनी एकमेकांना लिहावं ही कल्पना काही स्वस्त डेटा आल्यावरची नाही. सोलापूरपर्यंत आगगाडी पोचली १८६० साली, आणि त्याच दशकात पुण्याहून ‘मराठी शालापत्रक’ निघत होतं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचा त्यात हात होता, पुढं चिरंजीव विष्णुशास्त्र्यांचा. विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरचे लेख आधी शालापत्रकात आले. ‘निबंधमाला’ १८७४ ची, म्हणजे नंतरची. तेही पेशानं सरकारी शाळेतले शिक्षकच, आणि त्यांचीही पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली होती. ‘एवढ्या लांब टाकलं तर राजीनामाच देतो’ असं आमच्या बदलीच्या गटावर रोज कुणीतरी लिहितं. विष्णुशास्त्र्यांनी नोकरी खरोखर सोडली आणि १८८० च्या पहिल्याच दिवशी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. आमच्या शाळेत ‘जीवन शिक्षण’ मासिक यायचं. ते गठ्ठे बांधून, घडी न मोडता जपलं जायचं. तपासणीला दाखवायचं असायचं ना.

आता आमच्या शेजारच्या माढा तालुक्यातली गोष्ट सांगतो. सगळ्यांना ठाऊक आहे, पण आम्ही ती सांगितल्याशिवाय राहत नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले रुजू झाले ते २००९ साली. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठार. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. कोड फोनसमोर धरला की पोराला कविता ऐकू यायची, पाठाचा व्हिडिओ दिसायचा, गृहपाठ मिळायचा. २०१७ मध्ये राज्य सरकारनं क्यूआर कोडची पुस्तकं राज्यभर आणायचं ठरवलं. डिसले गुरुजी परितेवाडीत बसून व्हिडिओ कॉलवर देशोदेशीच्या वर्गांना विज्ञानाच्या सहलीला न्यायचे, आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा भांडणाऱ्या देशांतल्या पोरांना त्यांनी एकमेकांशी बोलायला बसवलं. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. दहा लाख डॉलर. आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून देत असल्याचं सांगून टाकलं.

त्या रात्री आमच्या गटांवर जे काही झालं ते वर्णन करण्यापलीकडचं आहे. ज्यांनी डिसल्यांना कधी पाहिलं नव्हतं तेही ‘आमचे मित्र’ म्हणाले. ज्यांनी एकदा रेल्वेत पाहिलं होतं ते ‘मार्गदर्शन करण्याचा योग आला होता’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात काही शाळांत तर फळ्यावर, दारावर, पाण्याच्या माठावरसुद्धा क्यूआर कोड दिसू लागले. माठावरचा कोड उघडला की पाण्याचं महत्त्व सांगणारा व्हिडिओ लागायचा. माठात पाणी असतंच असं नाही.

पण या सगळ्यात मला लागून राहिलं ते निम्म्या रकमेचं. दहा लाख डॉलरचे वाटे करणारा माणूस याच जिल्ह्यातला, आणि याच जिल्ह्याच्या गटावर एका पानाची सरावपत्रिका फिरते तिच्यावर काय असतं? वर शाळेचं नाव. मधोमध तिरकं, फिकट अक्षरांत निर्मात्याचं नाव. खाली कोट घातलेला फोटो आणि मोबाईल नंबर. उरलेल्या जागेत ‘रिकाम्या जागा भरा’. रिकामी जागा मुळात उरलेलीच नसते. मग दुसरा कुणी हुशार इसम ते नाव पुसतो, आपलं टाकतो, आणि दोन दिवस गटावर शीतयुद्ध चालतं. तिसरा म्हणतो, ज्ञान कुणाच्या बापाचं नसतं. हा तिसरा स्वतः काहीही करत नसतो.

केमचं कुंकू गावोगावच्या बाजारांत जातं. ज्या बाईच्या कपाळाला ते लागतं तिला ते कुणाच्या कारखान्यात चाळलं गेलं हे ठाऊक नसतं, आणि असायची गरजही नसते. शिकवण्याच्या युक्तीचं तसं चालत नाही, कारण ती वापरताना माणूस अडतो. नाव लागतं ते मानासाठी नाही, फोन लावता यावा म्हणून. ‘तुमच्या वर्गात हे केलंत तेव्हा मागच्या रांगेतली पोरं काय करत होती हो?’ हा एक प्रश्न विचारता आला पाहिजे. फोटोत मागची रांग कधीच येत नाही.

ही मागची रांग दिसल्याचे दोनच प्रसंग मला ठळक आठवतात. पहिला २०१९ च्या जूनमधला. दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ आणि बहात्तरला ‘सत्तर दोन’ म्हणण्याची सोय केली होती. जुन्या नावांना बंदी नव्हती, पण आपल्याकडे सोय म्हटलं की संकट वाटतं. अवघा महाराष्ट्र पेटला. विनोदांना ऊत आला, मराठी भाषा बुडाल्याचं रोज जाहीर होऊ लागलं, विधानसभेतसुद्धा मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की लहान पोरांना जोडाक्षरांच्या संख्या जड जातात, बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो. ऐकायला वेळ कुणाला होता? आमच्या गटावरही दोन तट पडले. गंमत अशी की वरच्या वर्गांना शिकवणारे सगळ्यात जोरात भांडत होते. अशात एका पहिली-दुसरीच्या बाईंनी काहीही न लिहिता आपल्या वर्गातल्या एका वहीचं पान टाकलं. संख्यालेखन घेतलं होतं. बाईंनी सांगितलेलं ‘सत्तावीस’, पोरानं लिहिलेलं ७२. ‘त्रेपन्न’, पोराचे ३५. आधी सात ऐकू आले म्हणून आधी सात लिहिले, यात त्याचं काय चुकलं? पान टाकून बाई गायब. नंतर अर्धा तास गटावर कुणीही बोललं नाही, अंगठासुद्धा नाही. माझं मत विचाराल तर जुनी नावं मला प्रिय आहेत, ती जाऊ नयेत. पण भाषेच्या काळजीनं व्याकूळ झालेल्या त्या सगळ्या लेखांपेक्षा वहीचं ते एक पान मोलाचं होतं, हेही तितकंच खरं.

दुसरा प्रसंग गाजला नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. एका रात्री साडेदहाच्या पुढं एका तरुण शिक्षकानं गटावर लिहिलं, ‘दुसरीतलं एक पोर ५२ मधून २७ वजा करून ३५ आणतं. रोज. काड्या दिल्या, माळ दिली, ओरडलो पण. काय करू?’ असं विचारायला छाती लागते. कारण गटावर कुणाचंच पोर कधी चुकत नाही. सगळ्या शाळा शंभर टक्के प्रगत, सगळ्यांच्या भिंती बोलक्या, सगळ्यांची पोरं झाडाखाली गोलात बसून हसत असलेली. त्यात हा एकटा म्हणतोय, मला जमत नाही.

पहिलं उत्तर एका ज्येष्ठांचं आलं, “सराव घ्या.” दुसऱ्यानं लांबलचक व्हिडिओची लिंक टाकली. तिसऱ्यानं ‘शुभ रात्री’ टाकलं, त्याचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. मग सांगोल्याकडच्या एका बाईंनी लिहिलं, “सर, उद्या त्याला उत्तर सांगू नका. कसं केलंस ते विचारा. आणि मधे बोलू नका.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शिक्षकाचा आवाजी निरोप आला. मागं पोरांचा गलका, ताटांचा आवाज. म्हणाला, “विचारलं. तर म्हणतंय, ‘दोनातनं सात जात न्हाईत, मग सातातनं दोन काढलं. मोठ्यातनं बारकं काढायचं, तुम्हीच सांगितलं हुतं की पैलीत!’” आणि ते खरंच होतं. पहिलीत आपण सगळेच सांगतो, लहान संख्येतून मोठी जात नाही. त्या पोरानं गुरुजींचा शब्द पाळला होता. वर्गातलं सगळ्यात आज्ञाधारक पोर तेच होतं आणि मार खात होतं तेही तेच.

मग गटाला जाग आली. कुणी म्हणालं, काड्यांचे गठ्ठे बांधलेलेच द्या, सोडायला त्यालाच लावा. कुणी म्हणालं, काड्या ठेवा बाजूला, दुकान मांडा. त्या शिक्षकानं दुकान मांडलं. पोराच्या हातात खेळातल्या दहाच्या पाच नोटा आणि एकाची दोन नाणी दिली आणि म्हणाला, “सत्तावीस रुपये दे.” पोरानं दोन नोटा काढल्या, नाणी मोजली, मान वर केली आणि अस्सल दुकानदारासारखं बोललं, “सुट्टे न्हाईत.” मग स्वतःच उठून शेजारच्या पोरीकडून दहाची नोट मोडून आणली. सात दिले. हातात उरलेले मोजले, पंचवीस. हातचा म्हणजे काय, हे मी उभा जन्म फळ्यावर आडव्या-तिरक्या रेघा मारून शिकवलं. त्याची खरी व्याख्या एवढीच होती, सुट्टे न्हाईत.

त्या दोन दिवसांत गटावर एकेक जण कबूल होत गेला. “आमच्याकडंही असं एक आहे.” “माझ्याकडं चार आहेत, चौथीत.” पहिल्या उत्तरात सराव सांगणारे ज्येष्ठसुद्धा शेवटी म्हणाले की आपणही पहिलीत तेच वाक्य सांगत आलो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी गटावर माहिती मागवली आणि सगळ्यांची पोरं पुन्हा हुशार झाली.

हे मी गमतीनं म्हणत नाही. अधिकारी ज्या गटात असतात तिथं प्रश्न येत नाहीत, अहवाल येतात. यात अधिकाऱ्यांचा दोष धरण्यासारखं फारसं नाही, त्यांनाही वरून विचारणा होते. पण ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याच्यासमोर ‘मला जमत नाही’ असं कोण लिहील? साताऱ्याकडच्या कुमठे बीटात ज्ञानरचनावादी वर्ग सुरू झाले तेव्हा राज्यभरातले शिक्षक गाड्या करून पाहायला गेले होते. तिथं विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे स्वतःच शिक्षकांसोबत जमिनीवर बसल्या होत्या. असं सगळीकडं घडतं थोडंच! आपल्याकडं मंडळी जमिनीवर आखलेले गोल तेवढे पाहून आली आणि तसेच गोल ऑइल पेंटनं रंगवून मोकळी झाली.

टाळेबंदीच्या काळाबद्दलही बोलायला हवं. २०२० च्या मार्चात शाळांना कुलूप लागलं आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला आणि शिक्षकामार्फत पालकांच्या गटावर रोज उतरू लागली. पालकाचा फोन पालकाच्या खिशात, पालक रानात, आणि पोर घरी. रात्री आठला बाप घरी यायचा तेव्हा रिचार्ज संपलेलं असायचं. त्या दिवसांत सोलापूर शहरात नीलमनगर भागातल्या शिक्षकांनी वेगळंच केलं. कामगारवस्तीतल्या सुमारे तीनशे घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकातले धडे रंगवून टाकले. पाढे, मुळाक्षरं, आकृत्या, इंग्रजी शब्द. येता-जाता पोरांनी वाचायचं, अंतर राखून. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांच्यासाठी रंगवलेल्या त्या भिंती, फोनवरूनच सगळ्या महाराष्ट्राला कळल्या. ज्या गावांत रेंज नव्हती तिथल्या एखाद्या गुरुजींनी तालुक्याला गेल्यावर तो फोटो पाहिला असेल आणि परत येताना रंगाचा डबा घेतला असेल, तर या सगळ्या यंत्रानं आपलं काम चोख केलं असं मी म्हणेन.

एक मात्र मला बघवत नाही. वाचता न येणाऱ्या पोराला उभं करून त्याचं अडखळणं चित्रित करायचं आणि तीन महिन्यांनी त्याचं घडाघड वाचन, मग दोन्ही जोडून ‘आधी आणि नंतर’ म्हणून यूट्यूबवर टाकायचं. पोर वाचायला लागलं, आनंद आहे. पण त्याचा पहिला व्हिडिओ त्याच्या गावात, त्याच्या मामाच्या गावात आणि पुढं त्याच्या सासुरवाडीतही फिरणार आहे. वहीचं पान दाखवा, नाव झाका, तोंड दाखवू नका. चूक दाखवायला चेहरा लागत नाही.

आता ॲडमिन मंडळींना एक विनंती. हे वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल की निवृत्त माणूस अजून गटात आहे, तर खुशाल काढा. माझी काही तक्रार नाही. फक्त काढण्याआधी एक करा. साहेब नसलेला एक छोटा गट उघडा आणि आठवड्यातला एक वार ठरवा, ज्या दिवशी फुलं, अभिनंदन, परिपत्रकं बंद आणि ज्यानं त्यानं एवढंच लिहायचं की या आठवड्यात आपल्या वर्गात कोण, कुठं अडलं. गुरुवार ठेवा. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि सोमवारी सगळे माहिती भरत बसलेले असतात.